इन्चार्ज सिस्टरच्या हातात काय असतं?

अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेचा पुढचा महिना कसा जाणार, हे तिला एका कागदावरून कळतं. महिनाअखेरीला इन्चार्ज सिस्टर ड्यूटी लिस्ट लावते. किती नाइट लागल्या, नाइटनंतरचा ऑफ सलग मिळाला की तुटक, मुलाच्या परीक्षेच्या दिवशी मॉर्निंग आहे की इव्हिनिंग, मागितलेली सुट्टी मिळाली की कापली गेली, हे सगळं त्या एका कागदावर असतं. बाहेरून पाहणाऱ्याला ही कारकुनी वाटते. पण परिचारिकांच्या मनःस्वास्थ्यावर गेल्या काही दशकांत जगभर झालेलं संशोधन वाचत गेलं, तर ते फिरून फिरून या कागदापाशीच येतं.

फ्रान्समध्ये १६५ अतिदक्षता विभागांतल्या २३९२ परिचारिका आणि नर्सिंग कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. एक तृतीयांश जणींमध्ये तीव्र बर्नआउटची लक्षणं होती. ही लक्षणं कशाशी जोडलेली होती, हे संशोधकांनी पाहिलं तेव्हा वयाच्या बरोबरीने तीन प्रकारच्या गोष्टी पुढे आल्या. आपले सुट्टीचे दिवस आपल्याला निवडता येतात का? हेड नर्सशी, डॉक्टरांशी संबंध कसे आहेत, पेशंटशी खटके उडतात का? आणि मरणाशी किती वेळा गाठ पडली, म्हणजे मरणासन्न माणसाची शुश्रूषा आणि उपचार थांबवण्याचे निर्णय. वय कोणाच्या हातात नाही. बाकीच्या बहुतेक गोष्टी मात्र कोणीतरी ठरवलेल्या असतात, आणि त्या ठरवणारी सगळ्यात जवळची व्यक्ती म्हणजे इन्चार्ज.

म्हणून या प्रश्नाकडे पाहताना मी संचालक, अध्यक्ष, मुख्य परिचर्या अधिकारी या वरच्या खुर्च्यांपासून सुरुवात करत नाही. सरकारी भाषेत जिला परिसेविका म्हणतात आणि वॉर्डात सगळे जिला नुसतं ‘इन्चार्ज’ म्हणतात, तिच्यापासून करतो. परिचारिकांचं बरंवाईट तिच्या रोजच्या निर्णयांवर ठरतं, असं संशोधन सांगतं. पण त्या निर्णयांसाठी लागणारे अधिकार तिला दिलेलेच नसतात. नेतृत्वाबद्दलच्या बहुतेक लेखनात हा दुसरा भाग गळून पडतो, आणि तोच मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी अतिदक्षता विभाग म्हणजे काय, ते पाहू. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण, त्यात बरीचशी मुलं, रोज दाखल होत होते आणि जवळजवळ सगळे दगावत होते. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी गळ्यात नळी घालून रबरी पिशवीने हाताने श्वास देण्याचा मार्ग काढला. एवढी यंत्रं तेव्हा नव्हतीच. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस खाटेशी बसून पिशव्या दाबल्या. परिचारिकांनी त्या रुग्णांची बाकीची सगळी शुश्रूषा केली. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. पुढच्या वर्षी, १९५३ च्या डिसेंबरमध्ये, इब्सेन यांनी त्याच शहरातल्या कम्यूनहॉस्पिटलमध्ये जो विभाग सुरू केला, तो आधुनिक अतिदक्षता विभागाचा आरंभ मानला जातो. व्हेंटिलेटर मागाहून आले. पहिल्यापासून होतं ते एका खाटेशी सतत थांबणारं एक माणूस. एका रुग्णामागे एक परिचारिका ही या विभागाची चैन नाही, त्याची व्याख्या आहे.

आता त्या खाटेशी आज काय चालतं ते पाहा. सकाळी आठला ओव्हर, म्हणजे पाळीचा ताबा, घेतला जातो. नाइटची सिस्टर बारा तास काढून दमलेली असते, तरी तिला सगळं सांगायचं असतं: कोणतं इनोट्रोप किती एमएलने चाललंय, रात्री सॅच्युरेशन किती वेळा पडलं, सक्शनला काय आलं, युरिन किती झाली, कोणता रिपोर्ट अजून यायचाय, नातेवाइकांना काय सांगितलंय. अकराच्या सुमारास दुसऱ्या खाटेवरचा तिशीतला पेशंट बॅड होतो. चाळीस मिनिटं सीपीआर चालतो. पेशंट जातो. बाहेर बायकोचा आवाज ऐकू येतो. सिस्टर नळ्या काढते, लाइन्स काढते, अंग पुसते, टेप लावते, नावाची चिठ्ठी बांधते. चादरी बदलून बेड कार्बोलाइज होतो. तेवढ्यात कॅज्युअल्टीचा फोन येतो, ‘बेड झाला का? इकडे सेप्सिसचा पेशंट थांबलाय.’ मधे पाणी प्यायलाही उसंत नसते. त्यात अलार्म. सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठ रुग्णालयात पाच अतिदक्षता विभागांचे ३१ दिवसांचे अलार्म मोजले गेले आणि २०१४ मध्ये आकडे जाहीर झाले. ४६१ रुग्णांमागे एकूण २५ लाखांहून अधिक अलार्म, आणि कानावर पडणारे दर खाटेमागे रोज १८७.

या सगळ्याचा जो परिणाम होतो, त्याला वेगवेगळ्या काळी वेगवेगळी नावं मिळाली. न्यूयॉर्कमधले हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये बर्नआउटवर लिहिलं. क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये ते मोजण्याची प्रश्नावली दिली, ज्यात भावनिक थकवा, माणसांविषयी येणारा कोरडेपणा आणि आपण काहीच साधत नाही ही भावना या तीन बाजू आहेत. अँड्र्यू जेम्टन यांनी १९८४ मध्ये आणखी वेगळी गोष्ट मांडली. योग्य काय ते परिचारिकेला कळतं, पण संस्थेच्या रचनेमुळे ती ते करू शकत नाही. त्यातून येणारी घुसमट हा नैतिक क्लेश. अतिदक्षता विभागात हा क्लेश रोजचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला रोगांच्या वर्गीकरणात जागा दिली, पण आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणचा ताण नीट न हाताळल्याने उद्भवणारी स्थिती म्हणून. म्हणजे त्याचं मूळ संघटनेनेही कामाच्या जागेत पाहिलं. उपचार मात्र अजून बहुतेक ठिकाणी व्यक्तीवरच होतात.

कोविडमध्ये हे सगळं टोकाला गेलं. इंग्लंडमधल्या नऊ अतिदक्षता विभागांतल्या ७०९ कर्मचाऱ्यांची २०२० च्या जून-जुलैमध्ये पाहणी झाली. जवळजवळ ४५ टक्के लोकांमध्ये आघातोत्तर ताण, तीव्र नैराश्य, तीव्र चिंता किंवा अतिमद्यपान यांपैकी काहीतरी होतं. आपण मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार वारंवार येणारे १३ टक्के होते. डॉक्टरांपेक्षा परिचारिकांची अवस्था वाईट होती. हे आकडे पहिल्या लाटेनंतरचे आहेत. आपल्याकडची दुसरी लाट २०२१ च्या एप्रिल-मेमधली, आणि त्या दिवसांत मुंबई-पुण्याच्या जंबो केंद्रांत पीपीई घालून आठ-आठ तास उभ्या राहिलेल्या कंत्राटी मुलींची नंतर कोणी विचारपूस केली का, हा प्रश्न मला सतावतो. केंद्रं बंद झाली आणि त्या मुली पांगल्या.

नेतृत्वाविषयीच्या संशोधनात मला अजूनही सगळ्यात खोल वाटतो तो १९६० च्या सुमाराचा इझाबेल मेन्झीस यांचा अभ्यास. लंडनच्या एका मोठ्या अध्यापन रुग्णालयात त्यांना बोलावलं होतं; तिथे शिकाऊ परिचारिकांपैकी सुमारे एक तृतीयांश शिक्षण अर्धवट सोडत होत्या. मेन्झीस मनोविश्लेषक होत्या. त्यांनी पाहिलं की आजारी शरीर, वेदना, मृत्यू यांच्याशी सतत जवळून संबंध येत असल्याने परिचारिकेच्या मनात जी भीती साठते, ती हाताळण्यासाठी संस्थेने नकळत एक तटबंदी उभी केली आहे. एक परिचारिका एका रुग्णाची, असं न करता कामं वाटायची: एकीने सगळ्यांचं तापमान घ्यायचं, दुसरीने सगळ्यांना बेडपॅन द्यायचे. रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने किंवा अवयवाने ओळखायचं. प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा तपासायची, आणि निर्णय शक्य तितका वर ढकलायचा. भावना दाखवली तर ‘नर्स होण्याच्या लायकीची नाही’ असं सुनवायचं. यातलं काहीच भीती कमी करत नव्हतं. उलट, रुग्ण बरा होताना पाहण्याचं समाधानही परिचारिकेच्या हातून निसटत होतं, आणि ज्या मुली अधिक परिपक्व होत्या, त्याच आधी सोडून जात होत्या.

आपल्याकडच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात फेरफटका मारला, तर ‘सात नंबरचा व्हेंटवाला’ ऐकू येतोच. मी त्याबद्दल कोणा परिचारिकेला दोष देणार नाही. पण जी इन्चार्ज ओव्हरच्या वेळी पेशंटचं नाव घेऊन बोलते, एका सिस्टरला लागोपाठ दिवस तोच पेशंट देते आणि तो वॉर्डात शिफ्ट झाल्यावर तिला जाऊन भेटायला सांगते, ती मेन्झीस न वाचताही ती तटबंदी थोडी पाडत असते.

त्यानंतरच्या काळात नेतृत्वशैलींच्या सिद्धांतांची रांगच लागली. जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८ मध्ये राजकीय नेत्यांवर लिहिताना परिवर्तनशील नेतृत्वाची कल्पना मांडली, बर्नार्ड बास यांनी ती संस्थांना लावली, आणि परिचर्येत ती एवढी रुजली की नेतृत्वावरचा निम्मा अभ्यास तिच्यावरच आहे असं वाटावं. मागून अस्सल नेतृत्व, सेवाभावी नेतृत्व, करुणामय नेतृत्व आलं. या नावांमधल्या बारीक फरकांत मला फारसं हशील दिसत नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या ग्रेटा कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२९ अभ्यासांचा आढावा घेतला. त्याचं सार असं, की नाव काहीही असो, जे नेतृत्व माणसांशी नातं राखतं, त्याच्या हाताखाली परिचारिकांचं समाधान जास्त आणि थकवा कमी असतो; नुसतं काम उरकून घेणाऱ्याच्या हाताखाली उलट.

याहून उपयोगाची गोष्ट नॉर्वेतल्या स्कोगस्टाड आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवली. खुर्चीत असूनही नसल्यासारखा वागणारा, निर्णय टाळणारा प्रमुख निरुपद्रवी नसतो. त्याच्या हाताखाली कोणी काय करायचं यावरून गोंधळ होतो, सहकाऱ्यांत भांडणं होतात आणि त्यातून छळ सुरू होतो. हा अभ्यास रुग्णालयांपुरता नव्हता, पण आपल्या वॉर्डांना तो तंतोतंत लागू पडतो. ‘तुम्ही आपापसात मिटवा’ असं म्हणणारी इन्चार्ज स्वभावाने गोड असली, तरी तिच्या विभागात नव्या मुलीला सीनियर सिस्टर सलग नाइटा देते आणि कोणी बोलत नाही. ऑन्टॅरिओत हेदर लाशिंगर यांनी नुकत्याच लागलेल्या परिचारिकांवर बरंच काम केलं. प्रमुख सच्ची असेल तर नवख्या मुलींचा छळ कमी होतो, आणि छळ कमी झाला की थकवा कमी होतो, असा क्रम त्यांना दिसला.

चूक झाल्यावर काय होतं, यावर मात्र थांबून बोललं पाहिजे. एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांच्या आठ वॉर्डांत औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगलं नेतृत्व असलेल्या वॉर्डात चुका कमी असतील, असा त्यांचा कयास होता. आकडे उलटे आले: चांगल्या वॉर्डांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर कळलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जास्त जात होत्या. जिथे मेमोची आणि सगळ्यांदेखत ओरडा खाण्याची भीती होती, तिथे चूक गिळून टाकली जात होती. हेपरिनचा डोस चुकला तर सिस्टर आधी इन्चार्जकडे धावते की रेकॉर्ड सारखं करते, हे इन्चार्जने मागच्या वेळी काय केलं त्यावर ठरतं. आणि चूक लपवून घरी गेलेली परिचारिका ते ओझं एकटी वाहते. रुग्णाची सुरक्षितता आणि परिचारिकेचं मनःस्वास्थ्य इथे एकाच धाग्यात गुंफलेलं आहे.

शिक्षेच्या या भीतीचं दुसरं टोक महाराष्ट्राने अनुभवलं आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागून दहा बाळं गेली. त्याच वर्षी भाऊबीजेच्या दिवशी, ६ नोव्हेंबरला, तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा रुग्ण दगावले. दोन्ही घटनांनंतर झालेल्या कारवाईत परिचारिका होत्या. नगरमध्ये एका वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबर तीन परिचारिकांना अटक झाली आणि परिचारिकांच्या संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. कोणाचा दोष किती, हे न्यायालयाने ठरवायचं. पण वायरिंग, अग्निशमन यंत्रणा, ऑक्सिजनची पाइपलाइन, खाटांमधलं अंतर, ड्यूटीवर किती माणसं, यातलं काहीही खाटेजवळच्या परिचारिकेच्या हातात नसतं. जिच्याकडे अधिकार सगळ्यात कमी, तिच्यापर्यंत पोलीस सगळ्यात आधी पोहोचतात, हे राज्यातल्या प्रत्येक अतिदक्षता विभागाने पाहिलं. त्यानंतर चुका मोकळेपणाने नोंदवा, असं सांगणारी इन्चार्ज कितीही सच्ची असली, तरी तिच्यावर विश्वास ठेवणं किती कठीण झालं असेल!

मनुष्यबळाचा प्रश्न नेतृत्वापेक्षा वेगळा समजला जातो, तो तसा नाही. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा लिंडा एकेन यांचा २००२ मधला अभ्यास या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, आणि तिच्या स्वतःच्या बर्नआउटची शक्यता तेवीस टक्क्यांनी. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचे निकष अतिदक्षता विभागात एका खाटेमागे एक परिचारिका सांगतात. प्रत्यक्षात एकीकडे दोन-तीन व्हेंटिलेटरवरचे पेशंट असणं अनेक ठिकाणी नेहमीचं आहे. त्यात सहा-सहा-बारा तासांची जुनी पद्धत, म्हणजे नाइट बारा तासांची. युरोपातल्या बारा देशांतल्या ३१ हजारांहून अधिक परिचारिकांच्या अभ्यासात, बारा तास किंवा त्याहून लांब पाळी करणाऱ्यांमध्ये थकवा आणि नोकरी सोडण्याचा विचार अधिक आढळला. त्या साध्या वॉर्डांतल्या परिचारिका होत्या. अतिदक्षता विभागात बारा तासांची नाइट आणि वर सकाळची सिस्टर आली नाही म्हणून डबल, हे शरीराला काय करत असेल?

डबल कोणाला सांगायची, हे इन्चार्जला ठरवावं लागतं. माणूस मात्र तिला वाढवता येत नाही.

उपायांकडे वळल्यावर पुराव्याची बाजू किती पातळ आहे, ते दिसतं. नेतृत्व आणि मनःस्वास्थ्य यांच्यावरचे बहुतेक अभ्यास एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर उभे आहेत. तीच परिचारिका आपल्या प्रमुखाला गुण देते आणि तीच आपला थकवा सांगते. पार थकलेल्या माणसाला आपला प्रमुख वाईट दिसणारच. त्यामुळे कशामुळे काय झालं, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. शिवाय जवळजवळ सगळं काम उत्तर अमेरिका आणि युरोपातलं आहे, जिथे कंत्राटी भरती, होस्टेल, बाँड, नातेवाइकांची मारहाण हे चल प्रश्नावलीत नसतातच. कमिंग्ज यांच्यासारखे आढावे हे ठाऊक असूनही एकाच दिशेने बोट दाखवतात, म्हणून मी त्यांना मानतो. पण ते न्यायनिवाडा नव्हेत.

फ्रान्समध्ये एक कडक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. आठ अतिदक्षता विभागांतल्या १९८ परिचारिकांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यदृच्छेने विभागणी केली. एका गटाला पाच दिवसांचं प्रशिक्षण दिलं: थोडं सैद्धांतिक शिक्षण, अटीतटीच्या प्रसंगांचा सराव, आणि प्रत्येक सरावानंतर काय घडलं याची मोकळी चर्चा. सहा महिन्यांनी कामाचा तीव्र ताण प्रशिक्षित गटात १३ टक्के जणींना होता, दुसऱ्या गटात ६७ टक्के. एवढा फरक क्वचितच दिसतो, आणि तो अन्यत्र टिकतो का, हे तपासायला हवं. पण मला त्यातली एक बाब फार बोलकी वाटते. हे श्वास मोजण्याचं किंवा सकारात्मक विचारांचं शिबिर नव्हतं. त्या परिचारिकांना आपल्या कामात अधिक सक्षम केलं गेलं, ड्यूटीतून पाच दिवस मोकळं करून. पाच दिवस मोकळं करणं हा नेतृत्वाचा निर्णय होता, आणि त्याला पैसे लागले.

आपल्याकडे परिचारिका दिनी, १२ मेला, गुलाबाचं फूल आणि ताणतणाव व्यवस्थापनावर व्याख्यान होतं. अनेकदा नाइट करून आलेल्या मुलींनाच त्याला बसवतात. व्याख्यात्याचा हेतू चांगला असतो, पण ताणाचं कारण जागच्या जागी ठेवून तो सोसायला शिकवणं, यात मला अन्याय दिसतो.

अमेरिकेत १९८३ मध्ये प्रश्न उलटा विचारला गेला. परिचारिकांची टंचाई असताना काही रुग्णालयांना ती का भासत नाही? अशी ४१ रुग्णालयं निवडून त्यांचा अभ्यास झाला. तिथे परिचारिकांना रुग्णाविषयी निर्णय घेता येत होते, त्यांच्या प्रमुखाला संस्थेच्या वरच्या टेबलावर जागा होती, आणि वॉर्डाची प्रमुख सहज भेटत होती. याच पायावर पुढे ‘मॅग्नेट’ मान्यता उभी राहिली. २०२० मध्ये लंडनच्या किंग्ज फंडने ब्रिटनमधल्या परिचारिकांवर अहवाल काढला, त्यातही मुद्दे तेच होते: आपल्या कामावर आपला ताबा, आपण कोणाचे तरी आहोत ही भावना, आणि आपल्या हातून काही घडतं आहे ही खात्री.

आपण कोणाचे तरी आहोत, ही भावना मुंबईने पाहिली आहे. अरुणा शानबाग या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलायला गेल्या असताना त्यांच्यावर पाशवी हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ ला त्यांचं निधन होईपर्यंत, ४१ वर्षांहून अधिक काळ, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना आपल्या वॉर्डात जपलं. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. मेट्रन निवृत्त झाल्या, नव्या आल्या. काम थांबलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. हे कुठल्या योजनेतून घडलं नव्हतं. प्रत्येक मेट्रनने पुढच्या मेट्रनला ‘ही आपली आहे’ म्हणून सोपवलं. पण त्याच घटनेचं दुसरं टोक विसरता येत नाही: एका परिचारिकेला कपडे बदलायला सुरक्षित जागा नव्हती. पन्नास वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीतल्या डॉक्टर तरुणीची हत्या झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला राष्ट्रीय कृतिदल नेमून पुन्हा त्याच प्रश्नाला हात घालावा लागला: रात्री काम करणाऱ्या बाईने विसावा कुठे घ्यायचा.

मृत्यूच्या निर्णयांबाबत आपल्याकडे परिचारिकेचा आवाज जवळजवळ नाहीच. २४ देशांतल्या ३२३ अतिदक्षता विभागांच्या पाहणीत, जी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, सत्तर टक्क्यांहून अधिक कर्मचाऱ्यांनी संघर्ष होत असल्याचं सांगितलं, आणि सगळ्यात जास्त संघर्ष डॉक्टर आणि परिचारिका यांच्यातला होता. आयुष्याच्या अखेरचे निर्णय हा त्यातला मोठा दुखरा भाग. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती सुटसुटीत केली. दोन वैद्यकीय मंडळं नेमायची असतात, दोन्हींत डॉक्टर. ज्या बाईने त्या पेशंटला बारा-बारा तास कूस बदलून दिली, जिला नातेवाईक डॉक्टर गेल्यावर ‘सिस्टर, खरं सांगा’ म्हणून विचारतात, तिचं म्हणणं नोंदवायची जागा त्या कागदांत नाही. मंडळात नसली तरी राउंडच्या वेळी तिला विचारता येतं. जिथे कन्सल्टंट राउंडला इन्चार्जला आणि खाटेजवळच्या सिस्टरला ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं मनापासून विचारतो, तिथे जेम्टन यांनी सांगितलेली ती घुसमट थोडी तरी बोलून दाखवता येते. व्हर्जिनियातल्या जोनाथन बार्टल्स नावाच्या परिचारकाने एक साधा प्रघात पाडला: पेशंट गेल्यावर सगळ्यांनी हात थांबवून त्याच्यासाठी मिनिटभर स्तब्ध उभं राहायचं, मग पुढचं काम. याला खर्च नाही. कॅज्युअल्टीच्या फोनला ‘दोन मिनिटं थांबा’ म्हणणारी इन्चार्ज मात्र लागते.

आता त्या इन्चार्जचा दिवस पाहा. इंडेंट भरणं, औषधांचा साठा जुळवणं, धोब्याकडे गेलेल्या आणि आलेल्या चादरी मोजणं, डेडस्टॉक रजिस्टर, मोडक्या वस्तूंचं कंडेम्नेशन, बंद पडलेल्या मॉनिटरसाठी बायोमेडिकलला पाचवा फोन, खासगी रुग्णालय असेल तर एनएबीएच मान्यतेच्या फायली. एक कात्री हरवली तरी उत्तर तिने द्यायचं. त्यातून वेळ उरला तर ती खाटांपाशी जाते. सरकारी सेवेत ती या पदावर प्रामुख्याने सेवाज्येष्ठतेने येते. वीस वर्षं उत्तम परिचारिका असलेल्या बाईला एका सोमवारपासून वीस माणसं सांभाळायला दिली जातात आणि त्यासाठीचं प्रशिक्षण फारसं कुठे मिळत नाही. तिच्या हाताखाली कायम, कंत्राटी आणि बाह्यस्रोतातून आलेल्या अशा तीन दरांच्या परिचारिका शेजारशेजारच्या खाटांवर तेच काम करतात. पगारातली ही दरी तिने पाडलेली नाही, पण तिचा राग रोज तिच्यापाशी येतो. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, त्याच्या मुळाशी बाह्यस्रोतातून भरतीचा मुद्दा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी किमान पगाराची शिफारस केली, अगदी पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही २० हजारांपेक्षा कमी नको म्हणून. ती अंमलात आणण्याचं काम राज्यांवर सोडलं गेलं. अशा स्थितीत मुली आखाती देशांकडे, इंग्लंडकडे पाहतात यात नवल नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यातही परिचारिका आहेत.

म्हणून इन्चार्जने प्रेमळ असावं, असा उपदेश करून भागणार नाही. तिच्यासाठी अधिकार मागायला हवेत. साठ्याच्या आणि चादरींच्या हिशेबासाठी प्रत्येक अतिदक्षता विभागाला एक कारकून द्यावा, म्हणजे दिवसाचे दोन-तीन तास ती खाटांपाशी जाऊ शकेल. परिसेविका पदावर रुजू होण्याआधी माणसं सांभाळण्याचं, चुका हाताळण्याचं, रोस्टर लावण्याचं प्रशिक्षण, पगारी वेळेत. ड्यूटी लिस्टमध्ये परिचारिकेला महिन्यातले काही दिवस स्वतः निवडता यावेत. फ्रान्सच्या पाहणीने ज्या गोष्टीचं महत्त्व दाखवलं, ती आपल्याकडे एका वहीवर करता येते. चुकीच्या चौकशीत यंत्रणेचा दोष आधी तपासला जाईल, असा लेखी नियम. १९४७ च्या कायद्याच्या जागी आणलेल्या २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोग कायद्याने शिक्षण आणि नोंदणीची चौकट नव्याने आखली आहे. कामाच्या ठिकाणच्या या गोष्टी राज्यांना आणि रुग्णालयांनाच कराव्या लागतील.

आणि एक अधिकार बाकी सगळ्यांपेक्षा मोठा. युरोपातल्या अनेक रुग्णालयांत ज्या खाटेसाठी परिचारिका नाही, ती खाट त्या पाळीपुरती बंद धरतात. आपल्याकडे खाट, मॉनिटर आणि व्हेंटिलेटर असला की खाट आहे असं धरतात. बारा खाटांच्या विभागात आज रात्री चारच सिस्टर असतील, तर निदान एकीकडे दोन या हिशेबाने आठवा पेशंट घेतल्यावर नववा घ्यायचा नाही, असं म्हणण्याचा आणि ते वरच्यांना मान्य करावं लागण्याचा लेखी अधिकार इन्चार्जला हवा. नववा पेशंट कुठे जाईल, हा प्रश्न खरा आहे आणि जीवघेणा आहे. त्याचं उत्तर जिल्हा शल्यचिकित्सकाने, अधिष्ठात्याने, खासगी रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने, अंतिमतः आरोग्यखात्याने द्यायचं आहे: जादा भरती करून, शेजारच्या रुग्णालयांशी खाटांची माहिती वाटून घेऊन, पाळीवर राखीव परिचारिका ठेवून. आज ते उत्तर रात्री दोन वाजता एकटी नाइट सिस्टर देते, तिसरा व्हेंटिलेटर स्वतःकडे घेऊन.